दुसऱ्यांदा सांगितलेला आकडा

मी कळमन्याच्या बाजारात एका अडत दुकानाच्या माळ्यावर बसलो होतो आणि शालू घरी ओट्यापाशी वही उघडून उभी होती. दोघांच्या कानाला फोन. ती आकडे वाचत होती, मी दाबत होतो. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. संध्याकाळी एका खोलीत बसून जेवलोही, पण तोंडातून शब्द निघाला नाही, म्हणून ते मी धरत नाही.

दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, काका, कामातले अनुभव लिहा, लोकांना गंमत वाटेल. मी चौथी शिकलेला माणूस. गंमत जिथं सापडेल तिथं घ्या. मला एका आकड्यानं धरून ठेवलं आहे. शालूनं त्या दिवशी पहिल्यांदा पाच सांगितला, दुसऱ्यांदा चार. मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिचं डोकं दुपारीच बिघडायला लागलं होतं, की बिघडलेलं डोकं माझं होतं, हे मला अजून समजलं नाही. तेच लिहायचं आहे. बाकीचं आहे ते तुम्हाला समजावं म्हणून.

आधी काम काय ते सांगतो. एका मालकाची तीन ठिकाणं असतात. बाजारात दुकान, सावनेरला कापसाची जिनिंग, नरखेडकडं संत्र्याचं शेड. तिन्हीकडचे कम्प्युटर एकाच खोलीत मांडल्यासारखे एकमेकांशी बोलले पाहिजेत. सावनेरच्या काट्यावर कापसाची गाडी चढली की वजन त्याच घडीला कळमन्याला दिसलं पाहिजे. ही जोडणी मी करायचो. सुरुवात ठेकेदाराकडं नाल्या खोदून टेलिफोनची तार ओढण्यापासून झाली. मग बँका आणि कंपन्या दोन गावांमध्ये आपल्या एकट्याची तार भाड्यानं घ्यायला लागल्या, ती ओढली. मग तारेशिवाय हवेतून लाईन नेणाऱ्या तबकड्या खांबांवर आल्या, त्या लावल्या. मग आलं व्हीपीएन.

हे नाव ऐकून लोक घाबरतात. घाबरू नका. आमच्याकडं एखाद्याची विहीर एका वावरात असते आणि बाग दुसऱ्या वावरात. मधात तिसऱ्याचं वावर. तो त्या तिसऱ्याच्या वावराखालून पाइप टाकतो. वावर लोकाचं, पाइप आपला, पाणी आपलं. वरून चालणाऱ्याला आतलं पाणी दिसत नाही. इंटरनेट म्हणजे ते लोकाचं वावर. व्हीपीएन म्हणजे आपला पाइप. झालं. यासाठी इंजिनीअर लोक टाय लावतात.

पण त्यात एक मेख आहे. प्रत्येक ठिकाणी एक डबा बसतो आणि त्याला आतला नंबर द्यावा लागतो. नंबराचे चार तुकडे. पहिले दोन सगळीकडं सारखेच, एकशे ब्याण्णव आणि एकशे अडुसष्ट. तिसरा तुकडा मात्र दर ठिकाणी वेगळा पाहिजे. दोन ठिकाणी सारखा पडला तर डब्यावर हिरवा दिवा लागतो, जोडणी झाली असं वाटते, पण पलीकडं काही जात नाही. एसटीच्या एकाच रस्त्यावर एकाच नावाची दोन गावं असली तर कंडक्टरनं तिकीट कुठलं फाडावं? तो हात वर करून उभा राहील. डबाही तेच करतो, फक्त तोंडानं सांगत नाही.

मला आकडे येतात, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. शालू दहावीपर्यंत शिकलेली होती, नरखेड तालुक्यातल्या बागाईतदाराची पोर. तिनं एक जाड वही केली होती. दर ठिकाणाला एक पान. पेन दोऱ्यानं वहीलाच बांधलेला, कारण मी पेन उचलून खिशात घालतो. नियम असा की साइटवर काही बदललं तर त्याच संध्याकाळी तिला सांगायचं, तिनं वहीत दुरुस्त करायचं. खांबावर, माळ्यावर वही सांभाळत दोन्ही हातांनी काम होत नाही, म्हणून मी फोन लावायचो आणि ती वाचायची. पासवर्ड असला की तिची वेगळी भाषा.

"पहिले कुदळ. मोठी."

"टाकली."

"मंग साप. छोटा."

"टाकला."

"मंग काठी. खालून वाकडी. अवो, डावीकडं वाकते ते, उजवीकडं नाई."

कुदळ म्हणजे टी, साप म्हणजे एस, वाकडी काठी म्हणजे जे. अशी सव्वीस अवजारं आणि जनावरं आमच्यात होती. एकदा एका कंपनीचा इंजिनीअर माझ्या मागं उभा राहून ऐकत होता. म्हणाला, काका, ही कुठली लँग्वेज? मी म्हटलं, ऑफिसची.

हे खरं सांगतो, लपवत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "थांबा, ऑफिसातून विचारून घेतो." ऑफिस म्हणजे आमचा ओटा. माझ्या बायकोच्या हातात सगळ्यांच्या चाव्या आहेत हे मी कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीचं डोकं म्हणजे कम्प्युटर. मी ऐकून घ्यायचो. गोड लागते ते.

कळमन्याचे आमचे गिऱ्हाईक देवरावभाऊ. मूळचा शेतकरी गडी, मग अडत्या झाला, मग सावनेरची जिनिंग घेतली. जोडणी करून दिल्यावर पंधरा दिवसांत त्याचा फोन.

"मिस्त्री, तुह्या लाईनले रातकिडा चावते का गा? आठ वाजले की सावनेर मरते."

मी चार फेऱ्या मारल्या. डबा बदलला, तार बदलली. दिवसा सगळं ठणठणीत. शेवटी एक दिवस दुकान बंद होईपर्यंत बसून राहिलो. भाऊनं देवाला अगरबत्ती दाखवली, चप्पल घातली आणि दाराजवळचा मेन स्विच खटकन खाली पाडला.

"भाऊ, हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? दुकान बंद केलं. बारदान्याचा माल आहे. आग लागली तर तू येशील का विझवाले?"

"अहो, पण डबा बंद झाला ना!"

"दुकानच बंद आहे तं डबा कोनाले दाखवाचा?"

"विहिरीवरची मोटार बंद करून घरी गेले, अन् वावरात पाणी काहून येत नाई म्हणून विचारता का?"

भाऊनं स्विचकडं पाहिलं. मग म्हणाला, "हे आधी काहून नाई सांगतलं? मोटारीचं म्हणतलं असतं तं पहिल्याच दिवशी समजलं असतं." त्याचंही बरोबर होतं. मी डब्याला वेगळी तार ओढून दिली. तेव्हापासून मेन पाडला की भाऊ माळ्यावर चढून डब्याचा दिवा पाहायचा आणि मगच घरी जायचा.

दुसरी गोष्ट त्याच्याच संत्र्याच्या शेडची. शेडपासून गावातल्या त्याच्या घरापर्यंत मी दोन तबकड्या समोरासमोर लावल्या होत्या. अडीच किलोमीटर, सरळ नजर. तीन महिने पाण्यासारखी चालली आणि आषाढात मेली. मी डबे बदलले. वांदरांवर संशय घेतला. शेडवरच्या चौकीदारावरही घेतला, त्याची आता माफी मागतो. घरी येऊन चिडचिड करत बसलो तेव्हा शालू गहू निवडत होती.

"तबकडी कधी लावली होती?"

"चैत्रात."

"मधात काय आहे?"

"काही नाई. एका वावराच्या धुऱ्यावर सागाची रांग आहे, तिच्या आरपार दिसते."

ती हसली. "अवो, चैत्रात साग नागडा राहते. आता त्याले सुपाएवढे पानं आले असतील. जाऊन पाहा, दिसते का आरपार."

"पानानं काय होते वं? हवा जाते, मंग लाईन काहून नाई जाणार?"

तरी दुसऱ्या दिवशी गेलो. समोर हिरवी भिंत उभी होती. खांब दहा फूट उंच केला आणि लाईन आली. देवरावभाऊनं विचारलं, कसं ओळखलं? मी म्हटलं, अनुभवानं. अनुभव माझा नव्हता. हे मी शालूला घरी येऊनही सांगितलं नाही. म्हणजे लाईन चालू झाली एवढं सांगितलं. पानांचं नाही.

आता तो दिवस.

कापसाचा सीझन जोरात होता. आदल्या दिवशी वीज कमीजास्त होऊन कळमन्याचा डबा जळाला. सावनेरला गाड्यांची रांग लागलेली, वजनं दुकानात पोचत नव्हती. मी नवा डबा घेऊन माळ्यावर चढलो. खालून देवरावभाऊ दर पाच मिनिटांनी ओरडत होता, "झालं का गा? सावनेरवाले माहा जीव खाऊन राहिले!" मी शालूला फोन लावला.

"कळमन्याचं पान काढ."

"काढलं."

"बोल."

"एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. पाच. एक."

टाकलं. हिरवा दिवा लागला. पण सावनेर दिसेना. तारा हलवून पाहिल्या. डबा बंद करून चालू केला. काही नाही.

"पुन्हा वाच."

पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. चार. एक."

"चार? आत्ता तं पाच म्हणतलं तू!"

"चार टाकून पाहा."

"वहीत पाहून वाचून राहिली का मनानं सांगून राहिली?"

"अवो, टाका तं चार."

"इथं मानूस खालून बोंबलून राहिला, अन् तू मले एकदा हे सांगते, एकदा ते! डोळे कुठी ठेवले वं? एक आकडा धड वाचता येत नाई?"

मी फोन ठेवला. आणि चार टाकला नाही. का टाकला नाही? माझ्या डोक्यात पाच बसला होता म्हणून. मी तिसऱ्यांदा पाचच टाकला, लाईन तिसऱ्यांदा आली नाही, तेव्हा खाली उतरून देवरावभाऊला म्हटलं, "ऑफिसातून चुकीचं सांगून राहिले. उद्या सकाळी करून देतो."

घरी वांग्याची भाजी आणि भाकर होती. शालूनं वाढलं. कोणत्या हातानं वाढलं, ते मी नंतर किती आठवलं. तिची पावलं नीट पडत होती का? तोंड एका बाजूला ओढलं होतं का? आठवत नाही. मी ताटात पाहून जेवत होतो. रागात माणूस ताटात पाहून जेवतो आणि त्याला वाटते आपण समोरच्याला शिक्षा देऊन राहिलो.

पहाटे मी उठवायला गेलो. ती उठली नाही.

गल्लीतले डॉक्टर आले. तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी तपासलं, म्हणाले डोक्यातली नस गेली असावी. मग कागद काढून विचारलं, "काका, काल दिवसभरात बोलण्यात काही फरक जाणवला होता? शब्द चुकणं, गोंधळ होणं, असं काही?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी लिहून घेतलं.

दुपारपर्यंत मुलगी आली. माया, वर्ध्याला असते. आईच्या पायाशी बसली आणि तिनंही तेच विचारलं. "बाबा, आईचं काल काही बिनसलं होतं का? मी रविवारी येणार होती, तिचं बीपी तपासून आणलं असतं. नाही आली. तिले काही होत होतं का, सांगा ना."

"नाई वं माय. चांगली होती."

मग जी बाई भेटायला येईल तिला माया तेच सांगत होती. माहंच चुकलं, मीच आली नाही, मी आली असती तर समजलं असतं. संध्याकाळपर्यंत हे चाललं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. एवढा मोठा माणूस, खांबावर चढणारा, माझ्या तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. पोर माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती आणि मी फिरू देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया झोपेत असताना मी ओट्यावरची वही घेतली. कळमन्याचं पान काढलं. इंग्रजी अक्षरं येत नसली तरी आकडे येतात मला. तिसऱ्या तुकड्याच्या जागी पाच होता. तो खोडलेला होता आणि वर चार लिहिलेला होता. शालूच्या हातचा. त्याच दोऱ्याच्या पेनानं. मग सावनेरचं पान काढलं. तिथं पाच.

आता तुम्हीच सांगा. मला अंधुक आठवते की सुरुवातीला मी दोन्ही ठिकाणी पाचच दिला होता आणि जोडणी होईना म्हणून कळमन्याला साइटवरच चार केला. ते मी त्या संध्याकाळी शालूला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तिनं ते तेव्हाच खोडलं. मग त्या दुपारी खोडलेला पाच तिनं का वाचला? वहीत तिचा डोळा कधी चुकत नव्हता. म्हणजे डॉक्टर विचारत होते ते तेव्हाच सुरू झालं होतं, आणि मी घरी धावत येण्याऐवजी तिला डोळे कुठी ठेवले म्हणून विचारलं.

आणि सांगितलं नसेल, तर वहीत तेव्हाही पाचच होता. तिनं बरोबर वाचला. दुसऱ्यांदा वाच म्हटल्यावर तिनं पान उलटलं, सावनेरचाही पाच पाहिला आणि जे मला माळ्यावर समजलं नाही ते तिला ओट्यापाशी समजलं. चार मोकळा होता, तो सांगितला. मी फोन ठेवल्यावर तिनं वही दुरुस्त केली. म्हणजे तिचं डोकं शेवटपर्यंत माझ्यापेक्षा नीट चालत होतं, आणि मी तिला एक आकडा धड वाचता येत नाही म्हटलं.

खोडल्याची तारीख कुठं लिहिलेली नाही. शाई तीच. मी वही उजेडात धरून पाहिली, तिरपी करून पाहिली. दोन्हीपैकी एक खरं आहे. कोणतं खरं निघालं तर मला बरं वाटेल, तेही मला ठरवता येईना.

मी वही सोबत घेतली, सायकल काढली आणि कळमन्याला गेलो. देवरावभाऊ दुकान उघडून राहिला होता. काल तो घाटावर आला होता. मला पाहून त्याच्या हातून कुलूप पडलं.

"अगा, तू काहून आला? घरी सुतक, अन् तू इथी? डोकं फिरलं का?"

"लाईन बंद आहे ना भाऊ."

"राहू दे ना बंद! मी कागदावर करून राहिलो. जाय, घरी जाय."

मी ऐकलं नाही. माळ्यावर चढलो, तो मागून चढला. मी वही मांडीवर ठेवली आणि आकडे एकटाच दाबू लागलो. भाऊनं विचारलं,

"आज ऑफिसात फोन नाई लावला?"

"ते ऑफिस म्हणजे माही बायको होती, भाऊ. सुरुवातीपासून तीच वाचून दाखवे. ते सागाच्या पानाचंही तिनंच सांगतलं होतं. मी तुम्हाले खोटं सांगतलं."

भाऊनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी पाचच्या जागी चार टाकला. दिवा हिरवा झाला. सावनेरची वजनं एकामागून एक यायला लागली. त्यानं काय सिद्ध झालं? चार बरोबर होता एवढंच. ते तर तिनं सांगितलंच होतं.

घरी आलो तेव्हा माया अंगणात शेजारच्या काकूजवळ बसून तेच म्हणत होती, माहंच चुकलं. मी तिला आत बोलावलं. वही समोर ठेवली आणि पाच, चार, माझं ओरडणं, फोन ठेवणं, सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"म्हणजे काल मी विचारलं तेव्हा तुमच्या मनात हे होतं?"

"होतं."

"अन् तुम्ही नाही म्हणलं."

"हो."

"दिवसभर मी रडून राहिली होती, बाबा. तुमच्यासमोर."

"हो वं. पाहत होतो."

ती पुष्कळ बोलली मला. ते इथं लिहीत नाही, पण एकही शब्द जास्त नव्हता. मग तिनं वही ओढून घेतली, तिनंही ती उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं. "समजत नाही," म्हणाली. "मलेही नाई," मी म्हटलं.

मग मी तिला सोबत घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर सातआठ पेशंट होते, त्यांनी आम्हाला आधी जाऊ दिलं. डॉक्टर उठून उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, काल तुम्ही विचारलं, बोलण्यात फरक होता का. मी नाही म्हटलं, ते तुम्ही लिहून घेतलं. तो कागद काढा."

"काका, बसा. त्याची काही गरज नाही. आता त्यानं काय..."

"त्यानं काहीच होत नाही, मले माहीत आहे. फरक होता का नव्हता ते मले अजून समजलं नाही. पण तिथं नाही लिहू नका. नाही खोडा अन् माहीत नाही लिहा."

त्यांनी मायाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी कप्प्यातून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांनी खोडून लिहीपर्यंत मी टेबलापाशी उभा राहिलो.